माळवदावरची माती

‘विषय : वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयास नवीन इमारत मिळणेबाबत.’

एवढी ओळ लिहून झाली आणि पेन थांबलं. काल संध्याकाळी गल्लीतली चार-पाच मंडळी घरी आली होती. त्यांतले दोघे माझ्या हाताखाली शिकलेले. “बाई, निवेदन तुम्हीच लिहा. सह्या आम्ही गोळा करतो. सोमवारी मंत्री येणारेत, त्यांच्या हातात द्यायचंय,” म्हणाले. मी लगेच हो म्हटलं. मागच्या पावसाळ्यात माझी भाची आमच्या शहरातल्या याच रुग्णालयात बाळंत झाली. तिच्या खाटेच्या पायथ्याशी छतातून पाणी ठिबकत होतं आणि सिस्टरांनी खाली बादली ठेवली होती. रात्रीतून दोनदा ती बादली मी मोरीत ओतून आले. बाळ ठणठणीत निघालं. एका शिकाऊ डॉक्टर मुलीनं रात्रभर जागून त्याला सुखरूप जगात आणलं. त्या मुलीचे तांबारलेले डोळे आणि ती बादली मला नेहमी एकदमच आठवतात.

‘मिळणेबाबत’. तीस वर्षं मी मुलांना अर्जलेखन शिकवलं. रजा मिळणेबाबत, दाखला मिळणेबाबत, शिष्यवृत्ती मिळणेबाबत. हा शब्द याचनेचा की हक्काचा, ते त्याच्याकडे बघून कळत नाही. लिहिणाऱ्याच्या कण्यावर ते ठरतं. रस्ता मागताना माणसं ताठ उभी राहतात, पाणी मागताना हंडे घेऊन रस्त्यावर बसतात. दवाखाना मागताना मात्र आवाज जरा खालीच येतो, कारण मागणाऱ्याचं कुणीतरी आत खाटेवर असतं.

दवाखाना हा आमच्या मराठवाड्यात सगळ्यालाच लागणारा शब्द. दोन खोल्यांचा असो की हजार खाटांचा, आमच्याकडे तो दवाखानाच. आणि तिथं माणसाला दाखल करत नाहीत, ‘शरीक’ करतात. “अण्णाला शरीक केलंय,” असं मी पुण्याला शिकायला गेले तेव्हा बोलून गेले, तर मैत्रिणींना वाटलं, अण्णा कसल्या तरी स्पर्धेत उतरलेत. शरीक म्हणजे सामील. दुखण्यात माणूस एकटा पडतो असं सगळे म्हणतात. आमची बोली म्हणते की तो सामील झाला. सरकारी दवाखान्याच्या लांबलचक वॉर्डात ज्यानं एक रात्र काढली आहे, त्याला हा शब्द किती खरा आहे ते कळतं. पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला सलाईन लागली की इकडच्या खाटेवरच्यांना हायसं वाटतं. एकाच्या घरून आलेली भाकरी तिघांत वाटली जाते.

शरीक हा शब्द आम्हाला हैदराबादेनं दिला. १९५६ साली राज्यपुनर्रचना होईपर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. त्याच वर्षी औरंगाबादला वैद्यकीय महाविद्यालय निघालं, आणि पुढं त्याचं रुग्णालय ‘घाटी’ म्हणून साऱ्या मराठवाड्याच्या तोंडी बसलं. पण आमचं गाव धर्माबादेकडचं. पुढं बासर, मग गोदावरी ओलांडून रेल्वेचे रूळ सरळ हैदराबादेला जाणारे. विसाव्या शतकाच्या तोंडावर निजामाच्या राज्यात घातलेल्या मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गानं आमची नाती, बाजार आणि दुखणी दक्षिणेकडं वळवून ठेवली होती. नकाशा बदलला तरी माणसं त्याच गाडीत बसत राहिली. दुखणं गावच्या वैद्याच्या आणि तालुक्याच्या डॉक्टरच्या हाताबाहेर गेलं की घरात एकच वाक्य उठे, “उस्मानियाला न्या.”

आजोबांना तसं नेलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्यांच्या पोटात गाठ होती. मला घरी सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून आजीनं सोबत घेतलं. रात्रभर पॅसेंजरमध्ये बसून सकाळी काचीगुड्याला उतरलो. रिक्षातून अफझलगंजला आलो आणि समोर मुसी नदीच्या काठावर ते पांढरं, घुमटांचं प्रचंड बांधकाम दिसलं. आजीनं रिक्षातूनच हात जोडले. तिला तो राजवाडा वाटला असेल की देऊळ, मी कधी विचारलं नाही. नदीच्या पैलतीरावर तसेच घुमट होते, ते हायकोर्टाचे. एका काठावर न्याय, दुसऱ्या काठावर औषध. या दोन्ही इमारतींचा आराखडा व्हिन्सेंट एश या एकाच वास्तुकाराचा आणि आम्ही उतरलो ते काचीगुड्याचं स्टेशनही त्याचंच, हे मला फार उशिरा वाचनातून कळलं.

आजोबा आत शरीक झाले. आम्ही दोघी दिवसा आवारात असायचो. तिथं एक जुनी चिंच आहे. आमच्याकडे चिंचेखाली झोपू नये म्हणतात, तिच्यावर भुतं असतात म्हणतात. आजी सावलीच्या कडेला पथारी टाकून बसली होती. तेव्हा तिथंच चहा विकणाऱ्या एका म्हाताऱ्यानं तिला दखनीत सांगितलं, “अम्मा, इस झाड से डरो नक्को. इसने लोगों को बचाया सो है.” मग त्यानं त्याच्या बापाकडून ऐकलेली ती गोष्ट सांगितली.

२८ सप्टेंबर १९०८ ला मुसीला पूर आला. हैदराबादच्या आठवणीतला तो सर्वांत मोठा पूर. सुमारे पंधरा हजार माणसं त्यात गेली असं मानतात. नदीकाठचा अफझलगंजचा दवाखानाही पाण्याखाली गेला. त्या आवारातल्या या चिंचेवर दीडशेच्या आसपास माणसं चढली आणि पाणी ओसरेपर्यंत फांद्यांना धरून राहिली. ती सगळी वाचली. शायर अमजद हैदराबादी यांचं कुटुंब त्याच पुरात वाहून गेलं आणि ते एकटे उरले. ऐकून झाल्यावर आजी उठली आणि पथारी ओढून बुंध्याला लावली. पुढचे अकरा दिवस आम्ही त्याच चिंचेखाली काढले. बाराव्या दिवशी आजोबा स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आले, आणि त्यानंतर एकोणीस वर्षं जगले.

त्यामुळं उस्मानियाविषयी मी तटस्थ राहून लिहू शकत नाही. पण त्या पुरानंतर जे घडलं ते मात्र कुणीही लक्षात ठेवावं असं आहे. सरकारनं मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावलं. ते पुण्यात इंजिनिअरिंग शिकलेले, मुंबई इलाख्याच्या नोकरीत खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवून नाव कमावलेले. त्यांच्या योजनेतून शहराच्या वरच्या अंगाला उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय झाले. १९१२ मध्ये शहर सुधारणा मंडळ आलं. आणि जुन्या अफझलगंज दवाखान्याच्या जागी, १९२५ च्या सुमारास, उस्मानिया दवाखान्याची ही भव्य इमारत उभी राहिली. संकटानंतर राज्यानं दोन गोष्टी केल्या : पाणी अडवायची सोय आणि माणसं वाचवायची सोय. सरकारकडं काय मागावं, असं कुणी विचारलं तर मला अजूनही याहून नेमकी यादी सुचत नाही.

हा दवाखाना पहिल्यापासून शिकवणारा. हैदराबादेत वैद्यकशाळा निघाली १८४६ साली. याच शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांनी १८८८ आणि १८८९ मध्ये क्लोरोफॉर्मवरचे दोन आयोग नेमून प्रयोग करवले. भूल देताना रोग्याचा श्वास पाहावा की नाडी, हा तेव्हा जगभरच्या डॉक्टरांतला वाद होता. निजाम सरकारनं ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकाला एक हजार पौंड देऊ केले, तुमचा माणूस पाठवा आणि इथं येऊन पडताळा घ्या म्हणून. लंडनहून लॉडर ब्रंटन आले. क्लोरोफॉर्मनं हृदय थेट थांबत नाही हा लॉरींचा निष्कर्ष पुढं टिकला नाही, पण श्वासावर डोळा ठेवण्याची शिस्त त्यातून पक्की झाली. अफझलगंजच्या दवाखान्यात काम केलेल्या डॉ. रूपाबाई फर्दूनजी यांचं नाव जगातल्या अगदी पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत घेतलं जातं. आजोबांच्या तोंडावर भुलेचा मास्क ठेवणारा डॉक्टर या परंपरेचाच असणार. आम्हाला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. आजीनं फक्त विचारलं होतं, “परत जागे होतील ना?” आणि तो म्हणाला होता, “मैं बाजू में ही बैठा रहूँगा, अम्मा.”

शिकवणाऱ्या दवाखान्याचं हेच वेगळेपण. जिल्ह्याच्या दवाखान्यात रोगी बरा होतो. इथं रोगी बरा होता होता डॉक्टर घडतो. इथली खाट हीच पुस्तक असते. गरिबाच्या पोटावर हात ठेवून यकृत कुठं लागतं ते पोरं शिकतात, आणि तो गरीब ते निमूट शिकू देतो. पुढं तेच डॉक्टर राज्यभर पसरतात. म्हणून असा दवाखाना मोडकळीला आला की नुकसान फक्त आत झोपलेल्यांचं होत नाही. साडेपाच वर्षं ज्यांनी पोपडे सुटलेल्या छताखाली, बादल्या चुकवत, एका खाटेवर दोन रोगी तपासत काढली, ती मुलं काय शिकतात? औषधशास्त्र शिकतातच. त्याबरोबर हेही मुरतं, की गरिबाला असंच ठेवतात, हेच चालतं. कुठल्याही अभ्यासक्रमात नसलेला हा धडा भिंती शिकवतात. माझ्या भाचीजवळ जागलेल्या त्या मुलीनं तो अजून शिकलेला नव्हता. छताकडं बघून ती मला म्हणाली होती, “मावशी, सॉरी हं.” जणू छत तिचंच होतं.

उस्मानियाच्या भिंतीही पुढं तसंच शिकवू लागल्या. छताचा गिलावा पडू लागला, लोखंडी टेकू लागले. काही वर्षांपूर्वी तिथल्या निवासी डॉक्टरांनी डोक्याला हेल्मेट घालून काम केलं, निषेध म्हणून. २०१५ मध्ये तेलंगणा सरकारनं जाहीर केलं, इमारत पाडून नवी बांधू. शहर हलून उठलं. वारसा जपणाऱ्या ‘इंटॅक’ संस्थेच्या तज्ज्ञांनी पाहणी करून सांगितलं की बांधकाम सुधारता येण्यासारखं आहे. मोर्चे, याचिका, समित्या, अहवाल, पुन्हा याचिका. एक बाजू म्हणे घुमट वाचवा, दुसरी म्हणे रोगी वाचवा. या ओढाताणीत पाच पावसाळे गेले. जुलै २०२० मध्ये, कोरोनाच्या ऐन भरात, पावसाचं आणि गटाराचं पाणी वॉर्डात शिरलं. रोगी खाटांवर, आणि खाली घोटा-घोटा काळं पाणी. ती चित्रफीत मी इथं घरात बसून पाहिली. त्याच महिन्यात जुनी इमारत रिकामी करून बंद केली गेली आणि रोगी आवारातल्या उरलेल्या इमारतींत दाटीवाटीनं कोंबले गेले. ज्या जागेनं १९०८ चा पूर पाहिला होता, तिथं ११२ वर्षांनी पुन्हा पाणी आलं. या वेळी नदी काठ सोडून आली नव्हती. पावसाला आणि सांडपाण्याला बाहेर जायची वाट उरली नव्हती.

मला तेव्हा आजीचं माळवद आठवलं.

आमच्या गावातली जुनी घरं माळवदाची. लाकडी सर, त्यांवर किलचन, आणि वर हात-दीड हात मातीचा थर. उन्हाळ्यात आत गारवा. पण हे घर वर्षाला एकदा तरी हात मागतं. मृग लागायच्या आधी, जेठाच्या उन्हात, आजी गावाबाहेरच्या पांढरीतून टोपल्यांनी माती आणवायची. ती वर पसरून चोपायची, भेगा बुजवायची, उगवलेलं गवत मुळासकट उपटायची. सर्वांत शेवटी स्वतः गुडघ्यांवर बसून पन्हळ साफ करायची. आत बोट घालून पाला, चिखल, चिमणीचं घरटं काढायची. ती म्हणायची, “पाणी वाईट नस्तंय बाळा. त्याला जायाला वाट पायजे.” या कामाचं कुणी कौतुक केलं नाही. गळलं नाही, एवढंच त्याचं फळ, आणि न गळलेलं छत कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. आजी गेल्यावर दोन उन्हाळे माती पडली नाही. तिसऱ्या पावसाळ्यात देवघरावरचा खण खाली आला. शंभर वर्षांचं घर म्हातारं झालं असं सगळे म्हणाले. मला माहीत होतं, त्याच्याकडं फक्त दोन वर्षं कुणी बघितलं नव्हतं.

पण माळवदाचं दुसरं सत्यही सांगायला हवं. वर्षानुवर्षं नुसती माती चढवत राहिलं तर भार वाढतो, सर वाकतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जमीन हलली आणि दगडी भिंती नि जड माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. हजारो माणसं आपल्याच घरांखाली गेली. त्या दिवसानंतर आमच्या भागात जुन्या घराविषयी कुणी भोळेपणानं बोलत नाही. जुनं म्हणून राखायचं आणि जुनं म्हणून पाडायचं, दोन्ही आंधळंच. आधी वर चढून बघावं लागतं, सर ठोकून आवाज ऐकावा लागतो.

तसं पाहिलं तर उस्मानियासारख्या दवाखान्याला नव्या इमारतीची गरज खरीच होती. ते उंच छत, रुंद व्हरांडे, मोठ्या खिडक्या यांना कारण होतं. पेनिसिलिन यायच्या आधीच्या काळात मोकळी हवा आणि ऊन हे रोग पसरू न देण्याचे मोठे उपाय होते. आजच्या अतिदक्षता विभागाला भिंतीतून ऑक्सिजनच्या नळ्या लागतात, शस्त्रक्रियागृहाला गाळलेली हवा लागते, एमआरआयचं वजन पेलणारी जमीन, स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट, दुहेरी वीजपुरवठा आणि आग लागली तर धावत बाहेर पडायला जिने लागतात. जुन्या तारांवर नवी यंत्रं लादत जाण्यात धोका असतो. आग लागली तर रुग्णालयात काय होतं, हे ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयानं आपल्याला दाखवलं. दहा नवजात बाळं त्या रात्री गेली. घुमटांवर माझं प्रेम आहे, पण एखाद्या आईला मी घुमटाखातर तिथं झोपायला सांगणार नाही.

शेवटी वाट निघाली ती दोन्ही बाजूंचं थोडं थोडं ऐकून. ३१ जानेवारी २०२५ ला गोशामहलच्या पोलीस मैदानावर नव्या उस्मानियाची पायाभरणी झाली. सुमारे २६ एकर जागा, २,००० खाटा, २,७०० कोटींच्या घरातला खर्च. जुनी इमारत वारसा म्हणून राखू, असंही सरकारनं सांगितलं. नव्या जागेच्या रहिवाशांनी विरोध केला; मैदान गेलं, गर्दी येणार, म्हणाले. त्यांचंही ऐकायला हवं. तरी बातमी वाचली तेव्हा मला भरून आलं. घोषणा आणि पायाभरणी यांच्यात साडेनऊ वर्षं गेली होती. तेवढ्या काळात डॉक्टरांची एक अख्खी पिढी त्या दवाखान्यातून शिकून बाहेर पडली.

आमच्याकडेही असंच चालतं. नवी इमारत मागितली तर तिला वाटा आहेत. जिल्हा रुग्णालयांना जोडून नवी वैद्यकीय महाविद्यालयं काढायची केंद्राची योजना आहे, त्यात साठ टक्के केंद्र, चाळीस टक्के राज्य. औरंगाबाद आणि लातूरच्या महाविद्यालयांना अतिविशेषोपचाराच्या इमारती मिळाल्या त्या केंद्राच्याच दुसऱ्या योजनेतून. आराखडा होतो, प्रशासकीय मान्यता येते, निविदा निघते, कोनशिला बसते. पण त्याच इमारतीच्या गच्चीचा सांधा भरायला चाळीस हजार लागले तर तो कागद बांधकाम विभाग आणि रुग्णालय यांच्यात पावसाळाभर फिरतो. कोट्यवधी मिळवणं अवघड असतंच. पण चाळीस हजार वेळेवर मिळवणं त्याहून अवघड. कारण कोनशिलेवर नाव येतं, पन्हळीवर येत नाही. यात एका पक्षाचा, एका मंत्र्याचा दोष काढून भागणार नाही. आपण मागणारेही मागताना कोनशिलाच मागतो. दुरुस्तीसाठी कधी मोर्चा निघालेला मी पाहिला नाही. मीही कधी गेलेली नाही.

हे मनात आलं म्हणूनच पेन थांबलं होतं.

आता पुन्हा घेतलंय. नव्या इमारतीची मागणी आहे तशीच ठेवली आहे, आणि ती वाकून केलेली नाही : खाटांची संख्या, बाळंतपणाचा वेगळा विभाग, नवजात बाळांसाठी सुरक्षित कक्ष, शिकणाऱ्या मुलामुलींना रात्री पाठ टेकायला खोली. त्याखाली आणखी तीन मुद्दे घातले. एक, इमारतीच्या किमतीच्या ठराविक हिश्शाएवढी रक्कम दरवर्षी देखभालीसाठी स्वतंत्र ठेवावी आणि ती खर्चायचा अधिकार अधिष्ठात्यांना असावा. दोन, नवी इमारत उभी राहीपर्यंत जुनीच्या छताची आणि गटारांची दुरुस्ती थांबवून ठेवू नये, कारण रोगी तोवर तिथंच असणार. तीन, दरवर्षी ३१ मेच्या आत छत, वीज आणि सांडपाण्याची पाहणी व्हावी, आणि ती कधी झाली, कुणी केली, हे दर्शनी दाराशी फलकावर लिहावं. नाव लागायचंच असेल तर तिथं लागू दे. ज्यानं पन्हळ साफ केली त्याचं नाव आत जाणाऱ्या प्रत्येक आईला वाचता येऊ दे.

मुलं सह्यांचे कोरे कागद घेऊन संध्याकाळी येतील. आभाळ पश्चिमेला भरून आलंय, मृगाला आठ दिवस राहिलेत. मी सगळं निवेदन पुन्हा एकदा वाचलं, आणि सर्वांत वर जाऊन पहिली ओळ पुरी केली.

‘विषय : वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयास नवीन इमारत मिळणेबाबत, व मिळाल्यावर ती दरवर्षी राखणेबाबत.’